मेंदूविज्ञानात पीएचडी करायची आहे, पण मी इंजिनिअरिंगचा. कुठे अर्ज करू?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी ईईजीचे (डोक्याला बाहेरून इलेक्ट्रोड लावून घेतलेल्या मेंदूतल्या विजेच्या नोंदींचे) सिग्नल साफ करायचं काम घेतलं आणि त्यातच जीव रमला. आता मेंदूवरच संशोधन करायचं असं मनाने घेतलंय. पण जीवशास्त्र दहावीलाच सुटलं. बाबा म्हणतात, कॅम्पसमधून मिळालेली नोकरी सोडू नकोस. जीवशास्त्राशिवाय प्रवेश मिळेल का? आणि महिन्याला हातात किती पडतात? बाबांना आकडा सांगावा लागेल.

निशिगंध
जीवशास्त्र नाही म्हणून कुणी दारातून परत पाठवणार नाही. मी फिजिक्सची, माझ्या शेजारच्या टेबलावर इलेक्ट्रिकलचा बीटेक बसतो. आयआयएस्सीचं सेंटर फॉर न्यूरोसायन्स, मानेसरचं एनबीआरसी, बंगळुरूचं एनसीबीएस, कुलाब्याचं टीआयएफआर आणि आयसर पुणे, एवढी ठिकाणं आधी बघ. एनसीबीएस आणि टीआयएफआरसाठी जेगीबिल्स ही प्रवेश परीक्षा दे, गेटचा फॉर्म तर भरच. बाबांना सांग, जेआरएफला (पीएचडीच्या सुरुवातीची फेलोशिप) महिना ३७,०००, दोन वर्षांनी ४२,०००.

इलेक्ट्रॉनिक्स वाया जाईल ही भीती मात्र काढून टाक. मी पॅच क्लॅम्प, म्हणजे एकेका पेशीतली वीज मोजायची पद्धत, शिकले तेव्हाची गोष्ट. उंदराच्या मेंदूचा ३०० मायक्रॉनचा काप, त्यावरून सतत वाहणारं, ऑक्सिजन सोडलेलं खारं पाणी. सूक्ष्मदर्शकाखाली एक पेशी निवडायची, मायक्रॉनभर टोकाची काचेची नळी तिला अलगद टेकवायची आणि दुसऱ्या टोकाची ट्यूब ओठांत धरून हलकेच चोखायचं. काच पेशीला घट्ट चिकटली की विजेचा रोध गिगाओहमवर (अब्जावधी ओहम) चढतो. हाताला ते वळण पडायला मला चार महिने लागले. जमलं, तर स्क्रीनवर घरच्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण! दोन आठवडे पेशीचा आवाज तिच्याखाली बुडालेला. शेवटी तो इलेक्ट्रिकलवाला आला, एकेक वायर सोडवून बघितली आणि दोन ठिकाणी दिलेलं अर्थिंग शोधून काढलं. दहा मिनिटांचं काम. ही पद्धत ज्यांनी काढली त्यांतला एर्विन नेहर भौतिकशास्त्रज्ञ आणि बर्ट साकमान डॉक्टर. १९७६ साली त्यांनी एकाच आयन चॅनेलमधून (पेशीच्या आवरणातलं सूक्ष्म दार) जाणारा प्रवाह मोजून दाखवला, १९९१ ला नोबेल मिळालं. एकट्याच्याने झालं असतं असं मला वाटत नाही.

परदेशी_पाखरू
त्या दोघांनी जिथे ते काम केलं, त्याच जर्मनीतल्या ग्योटिंगेनहून लिहितोय. इथला न्यूरोसायन्सचा एमएस्सी-पीएचडी अभ्यासक्रम २००० पासून चालतो, सगळं इंग्रजीतून. सुरुवातीला वर्गांबरोबरच वेगवेगळ्या प्रयोगशाळांत काही आठवडे राबावं लागतं, मग पीएचडीला तिघांची समिती मिळते. गणिताची ओढ असेल तर इथल्याच ट्युबिंगेनचा गणिती मेंदूविज्ञानाचा मास्टर्स बघ. पण तुला मी आधी जपानमधल्या ओकिनावाचं ओआयएसटी विद्यापीठ सुचवीन. तिथे विभागच नाहीत. पहिल्या वर्षी तीन प्रयोगशाळा फिरायच्या, त्यातली एक स्वतःच्या विषयाबाहेरची. तुझी जीवशास्त्राची कसर तिथे हाताने काम करून भरून निघेल.

ओलीपानं
नावं सगळी चांगलीच आहेत, पण एक काळजी घे. मी जिथे पीएचडी केली तिथे कागदावर दोन गाइड होते, एक सिग्नल प्रोसेसिंगचे, एक न्यूरॉलॉजिस्ट. तीन वर्षांत दोघे एका टेबलाशी कधीच बसले नाहीत. सिग्नलवाल्यांनी सुचवलेलं गाळण (फिल्टर) लावलं की न्यूरॉलॉजिस्ट म्हणायचे, यात अपस्माराची खूणच पुसली गेली. मी दोन्हींकडे फाइल घेऊन पळत राहिले. माझी दोन वर्षं त्यात गेली, त्याचं आजही वाईट वाटतं. त्यामुळे मुलाखतीआधी तिथल्या मुलांना फोन करून सरळ विचार, "तुमचे दोन्ही गाइड एकत्र शेवटचे कधी भेटले?" उत्तराला वेळ लागला तर समजून जा.

आणि नोकरी सोडायच्या आधी दोन महिने चाखून बघ. विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप आहे. न्यूरोमॅच अकादमीचा ऑनलाइन अभ्यासक्रम २०२० पासून आहे, त्यात पायथनमध्ये मेंदूच्या खऱ्या नोंदींवर काम करता येतं. तुझ्यासारख्याला ते लगेच जमेल.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना धागा वाचून दाखवला. ३७ हजार ऐकून ते गप्प बसले, मग म्हणाले, उन्हाळी फेलोशिपचा फॉर्म भर आधी. आई मात्र कापाच्या गोष्टीपाशी थांबली. घरी माळकरी वातावरण आहे. उंदीर मारावेच लागतात का?

निशिगंध
कापाच्या प्रयोगात हो, मारावाच लागतो. आईंना तसंच सांग, लपवू नकोस. संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीच्या परवानगीशिवाय एकही प्राणी वापरता येत नाही, आणि किती व का हे आधी लिहून द्यावं लागतं. मी पहिल्या दिवशी घरी येऊन जेवले नव्हते. पण माणसांच्या ईईजीवर किंवा नुसत्या गणिती मॉडेलवर चालणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, तिथे प्राण्याला हात लावावा लागत नाही. तुझा प्रोजेक्ट ईईजीचाच आहे ना? अर्जात तेच वरती लिही.