सगळं मोडल्यावर घरात पहिला पैसा कुठून आला? सोलापूरकरांनो, लिहा

२०२३च्या जूनमध्ये विमानतळासाठी साखर कारखान्याची चिमणी पाडली, तेव्हा निम्मं सोलापूर गच्चीवर होतं. आमच्या गल्लीतले एक म्हातारे गिरणी कामगार तेवढे खाली कट्ट्यावर बसून राहिले. मी विचारलं, बघायला नाही आलात? म्हणाले, "ती एका मिंटात पडली बे. आमची गिरणी अजून पडलालीय."

तेव्हापासून हा धागा काढायचं मनात होतं. १८७७ साली इथं पहिली गिरणी निघाली आणि पुढची शंभरेक वर्षं गाव भोंग्यावर उठलं, भोंग्यावर जेवलं. त्या गिरण्या गेल्या. त्याआधी दुष्काळ, १९३०चा इंग्रजांचा मार्शल लॉ, रझाकार. नंतर भूकंप, लॉकडाऊन. दर वेळी 'शहर पुन्हा उभं राहिलं' असं छापून येतं. शहर कसं उभं राहतं ते मला कळत नाही, घर कळतं. म्हणून प्रश्न एकच: सगळं थांबल्यावर तुमच्या घरात पहिला पैसा कुठून आला? आकडा आठवत असेल तर तोही सांगा. माणसांची, कंपन्यांची नावं नकोत.

माझं आधी सांगतो. वडील गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम. नव्वदच्या दशकात गेटला कुलूप लागलं. हिशेबाचे पैसे आले तेव्हा मी कॉलेजात होतो, गेट बंद झालं तेव्हा चौथीत. वडील गल्लीतल्याच पत्र्याच्या शेडात यंत्रमागावर लागले. गिरणीत फंड होता, दवाखान्याचं कार्ड होतं, दिवाळीला बोनस होता. शेडात यातलं काही नाही, जेवढा माल निघेल तेवढी मजुरी. तो माग बाहेरच्या कुठल्याशा गिरणीनं भंगारात काढलेला. म्हणजे गिरणी मोडली आणि तिचंच लोखंड गल्लीत येऊन बसलं. पण शेडातली मजुरी पुढची. आमच्याकडे पहिला पैसा आईच्या विड्यांचा, असंच मी आजवर धरून चाललोय.

हाली-कलदार
आमची आजी नळदुर्गच्या पलीकडची, निजामाच्या मुलखातली. १९४८च्या उन्हाळ्यात रझाकारांचा धाक वाढला, तशी तीन बिऱ्हाडं एका गाडीत बसून रातोरात हद्द ओलांडून सोलापुरात आली. भांडी विहिरीत सोडली होती. पैसे होते, आजीच्या कमरेला बांधलेले, पण ते सगळे हाली शिक्का, निजामाचं नाणं. इकडे कलदार, म्हणजे हिंदुस्थानचा रुपया. सात हालीला सहा कलदार हा सरकारी भाव, पण रस्त्यावर उभ्या बाईला सरकारी भाव कोण देतो? तिला सातला पाच मिळाले. हे ती मरेपर्यंत सांगायची. रझाकारांच्या गोष्टी तिनं फारशा सांगितल्या नाहीत, त्या बुडालेल्या रुपयाची मात्र शंभरदा सांगितली.

इथला पहिला पैसा भुसार पेठेत ज्वारी निवडण्याचा. दिवसभर सुपात खडे वेचायचे. १३ सप्टेंबरला फौज सोलापुराहून हैदराबाद रस्त्यानं निघाली तेव्हा ती सूप टाकून बघायला गेली आणि अर्ध्या दिवसाची मजुरी कापली गेली. पाच दिवसांत निजाम शरण आला. दसऱ्याला गावी परत गेले तर घराच्या भिंती जागेवर, पण दारं, तुळया, माळवदाचा पाला-माती धरणारी लाकडं, सगळं काढून नेलेलं. विहिरीतली भांडी मात्र सापडली. आजोबांनी दोन वर्षं दाराला पोतं लावलं.

नानीचं घर
वरचं वाचून लिहावंसं वाटलं. माझी नानी त्याच हद्दीवरून आली, काही महिन्यांनी. कारण उलटं. आम्ही गाद्या भरणारे पिंजारी, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातले. रझाकार पळून गेले आणि पोलीस ॲक्शननंतरचा, म्हणजे त्या फौजेच्या कारवाईनंतरचा, राग गावात उरलेल्या मुसलमानांवर निघाला. नाना त्यात गेले. दिल्लीनं पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं मेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार सांगितला होता आणि सगळ्यात जास्त झळ लागलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद होतं. तो अहवाल कित्येक वर्षं दाबून ठेवला गेला. आमच्या घरात तर अहवालाची गरजच नव्हती, नानी होती.

दोन पोरं घेऊन ती नात्यातल्या माणसांकडे सोलापुरात उतरली. पहिला पैसा गादीला टाके घालण्याचा. दुसऱ्यांच्या अंगणात बसून, लग्नसराईत. भाव आठवत नाही, पण एका हिंदू घरातल्या बाईनं पैशांबरोबर शिळ्या भाकरीऐवजी ताजी दिली, हे ती सांगायची. आणि हो, तिच्याकडेही हालीच होते. तुमच्या आजीला सातला पाच मिळाले, माझ्या नानीला चार.

हाली-कलदार
वाचलं. आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. मग म्हणाली, त्यांची नानी कुठल्या पेठेत बसायची ते विचार.

कडक भाकरी
लॉकडाऊन. नवऱ्याची रिक्षा बंद. पहिला पैसा कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा, पुण्याला अडकलेल्या एका पोराच्या आईनं घेतली होती. १८० रुपये. आता सात बायका आहोत. बाकी काही सांगण्यासारखं नाही.

सेटलमेंटचा नातू
आमच्या आजोबांना सेटलमेंटमधून सुटायच्या आधीच पैसा मिळत होता, म्हणून उत्तर जरा वेगळं. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्यानं आमची जमातच गुन्हेगार. जन्मलं ते पोर गुन्हेगार. सोलापुरात तारेच्या कुंपणाच्या आत वस्ती, तिला सगळे सेटलमेंटच म्हणतात, आजही. हजेरी द्यायची, पास घेऊन गिरणीत जायचं, पाळी संपली की परत तारेच्या आत. गिरणीला मजूर स्वस्तात मिळत होता, हे कुणी बोलत नाही. गिरणीवरची गाणीबिणी ऐकली की मला हे आठवतं.

३१ ऑगस्ट १९५२ला आमच्या माथ्यावरचा शिक्का निघाला. आजोबा दुसऱ्या दिवशी त्याच गिरणीत, त्याच खात्यात, त्याच पगारावर. मग बदललं काय? त्या महिन्याचा पगार झाला आणि ते कुणाला न विचारता पंढरपूरला गेले. कुर्डुवाडीपर्यंत मोठी गाडी, पुढे बार्शी लाइटची छोटी. विठोबाला बघितलं म्हणे दोन मिनिटं. गाडीचंच जास्त सांगायचे: तिकीट काढताना बाबूनं जात विचारली नाही. परत आल्यावर सवयीनं हजेरीच्या वेळेला ओट्यावर येऊन उभे राहिले. आजी हसली, मग रडली.

सिव्हिल, १९९३
माझा अनुभव पैशाचा नाही, चालेल ना? ३० सप्टेंबर, पहाटेचे चार वाजायला आलेले. गणपती बुडवून नुकते झोपलो होतो. पलंग हलला. दुपारपर्यंत किल्लारीकडचे जखमी ट्रकनं सोलापुरात येऊ लागले. आम्ही मंडळाची पोरं स्ट्रेचर धरायला. बहुतेकांच्या अंगावर दगडाची पांढरी माती. घरोघर फिरून चादरी गोळा केल्या. सोलापुरात चादरीला काय तोटा, तासाभरात टेम्पो भरला.

पुढे माझी बहीण तिकडेच दिली, नव्यानं वसवलेल्या गावात. अशी ५२ गावं जागा बदलून उभी केली. रस्ते आखीव, घरं एकाला एक लागून. पण बैल कुठं बांधायचा, कडबा कुठं रचायचा, हे नकाशा काढणाऱ्याला सुचलंच नाही. पहिली काही वर्षं लोक घर कुलूपबंद ठेवून समोर पत्र्याचं शेड मारून झोपायचे. डोक्यावर स्लॅब नको. दाजींना विचारलं, पहिला पैसा? म्हणाले, सरकारी मदतीचा चेक. तो वर्षभर तसाच ठेवला होता, मेलेल्यांच्या नावचा पैसा म्हणून. मग बियाणं घेतलं.

माग चालू आहे
काय करलालाव बे सगळे, रडवताय. आमचं साधं आहे. आजोबांचा हातमाग, वडिलांचे यंत्रमाग, माझं युनिफॉर्मचं शिलाई युनिट. चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, पण बाजारात बाहेरून आलेली हलकी चादर 'सोलापुरी' म्हणून विकतात आणि गिऱ्हाईक स्वस्त बघतं. २०२०ला जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, अर्धी विणलेली चादर चार महिने तशीच राहिली, भीमावर (सूत गुंडाळलेल्या रुळावर) धूळ. पहिला पैसा मास्कचा. तीन रुपयाला एक. जकार्डवाल्या घरानं मास्क शिवले, वडील आठ दिवस शेडात आले नाहीत.

अम्माचं कार्ड
आम्ही पूर्व भागातले, तेलुगू. नायना हातमागावर, अम्मा विड्या वळायची. हजार विड्या म्हणजे पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत. पान भिजवायचं, फर्मा ठेवून कापायचं, तंबाखू भरून दोरा. कारखान्यात नेल्यावर छाट, म्हणजे नापास विड्या, काढायचे, ती फुकट. नायनाचा माग बंद पडला तेव्हा घरात 'पहिला पैसा' असं काही झालंच नाही, अम्माचा येतच होता. आम्ही तो मोजत नव्हतो एवढंच. पुढे घरकुलाचा अर्ज भरायची वेळ आली तेव्हा कळलं, घरात सरकारला दाखवण्यासारखा एकच कागद, अम्माचं विडी कामगाराचं कार्ड. घर तिच्या नावावर झालं. २०२४च्या जानेवारीत कुंभारीला रे नगरच्या पंधरा हजार घरांच्या चाव्या वाटल्या, त्यात माझ्या मावशीचंही घर. अम्माची बोटं आता सरळ होत नाहीत. चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरते.

हुतात्माचा पासधारक
आमच्या घरातला पहिला पैसा दर शनिवारी पुण्याहून यायचा. भाऊ हिंजवडीला वॉचमन. हुतात्मा एक्सप्रेस म्हणजे मार्शल लॉतल्या चार हुतात्म्यांच्या नावाची गाडी, त्यांना १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी दिलं. त्याच पुण्याला रोज अर्धं सोलापूर नोकरीसाठी नेते ही गाडी. विचार केला तर वाईट वाटतं, पण सीट मिळाली की झोप लागते.

(धागाकर्ता)
सगळ्यांचं आईला वाचून दाखवलं. अम्माचं कार्ड दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "तू चुकीचं लिहिलास. पहिला पैसा विडीचा नव्हता. विडी मी नंतर शिकले, शेजारच्या अक्कानं शिकवली." मग कुठला? भिशीचा. दहा बायका, पन्नास-पन्नास रुपये. त्या महिन्याला नंबर त्या अक्काचा होता. तिचाही नवरा त्याच गिरणीत. तिनं पाचशे रुपये उचलले आणि तसेच आईच्या हातात दिले, माझा नंबर शेवटी घाला म्हणाली.

मी विचारलं, मग शेवटी तिला मिळाले? आई म्हणाली, भिशी सातव्या महिन्यात मोडली.