इओ, आयो की ईओ? (आणि कॅरन की शॅरन?)

गच्चीवाले आबा:
शनिवारी सोसायटीच्या गच्चीवर चार इंची दुर्बीण लावून पोरांना गुरू दाखवत होतो. त्याचे चारही मोठे चंद्र झकास दिसत होते. मी ऐटीत नावं सांगायला घेतली, "हा इओ..." तोच सातवीतली नात सगळ्यांसमोर म्हणाली, "आबा, आयो!" शेजारच्या पोराने तर पुस्तकातलं Io हे इंग्रजी आकडा दहा म्हणून वाचलं होतं. मग विषय प्लूटोच्या चंद्रावर गेला. मी म्हणतो कॅरन, ती म्हणते शॅरन. आता पुढच्या शनिवारी काय म्हणू?

खडूफळा:
आबा, इंग्रजीत आयोच. ग्रीकमध्ये ईओ, म्हणजे तुम्ही मूळच्या जवळ आहात. ही नावं लॅटिनमार्गे इंग्रजीत गेली आणि तिथले स्वर बदलले तशी तीही बदलली. कॅरनची गंमत पुढेच. त्याचं पहिलं ग्रीक अक्षर 'खी', प्राचीन उच्चार आपल्या ख सारखा. म्हणजे खारोन! इंग्रजीत ख नाही, म्हणून क वर भागवलं. प्राचीन ग्रीकातले ख, थ, फ आपल्या बाराखडीत आयते आहेत, आणि आपण मात्र इंग्रजी स्पेलिंगकडे बघून अडखळतो.

मृगशीर्ष:
शॅरनबाबत नातीची बाजू घेतो. जेम्स क्रिस्टी यांनी १९७८ मध्ये तो चंद्र शोधला. बायकोचं नाव शार्लीन, लाडाने 'शार'. त्याला प्रोटॉन-इलेक्ट्रॉनसारखं 'ऑन' जोडलं. नंतर कळलं की ग्रीक पुराणात मृतांना पैलतीरी नेणाऱ्या नावाड्याचं हेच नाव आहे. प्लूटो म्हणजे पाताळाचा देव, त्याला असा नावाडी मिळाला, आणखी काय हवं! २०१५ मध्ये प्लूटोजवळून गेलेल्या न्यू होरायझन्स यानाच्या चमूतही शॅरनच चालतं.

चुकलेला वाटाड्या:
मी स्वातीचा तारकासमूह (Boötes) कित्येक वर्षं 'बूट्स' म्हणत होतो. दुसऱ्या ओ वरचे दोन ठिपके कोण बघतो? ते दोन्ही ओ सुटे म्हणायचे असतात: बो-ओ-टीझ. आता सरळ 'भूतप' म्हणतो. कॅसिओपियालाही शर्मिष्ठा, अँड्रोमेडाला देवयानी. कटकटच नाही. आणि मृगातल्या बीटलज्यूस ताऱ्याचं नाव ग्रीक समजून डोकं खाजवू नका, ते अरबीतून आलंय. आपली काक्षी बरी.

गच्चीवाले आबा:
सगळ्यांचे आभार. नातीला आत्ताच 'खारोन' ऐकवलं. म्हणाली, "आबा, हे तुम्ही आत्ता बनवलंत."