‘सावर ग्रेप्स’ नेमकं कधी म्हणायचं? जाणकारांनी लिहा

‘इट्स जस्ट सावर ग्रेप्स’ हे वाक्य ऑफिसात, क्लासात सर्रास ऐकू येतं आणि बऱ्याचदा भलत्याच जागी. नाशिककरांना आंबट द्राक्ष काय ते सांगायला नको, पण वापर सांगा.

इंग्रजीच्या शिक्षिका, कॉलेज रोड
तीन गोष्टी तपासा : वस्तू हवी होती, मिळाली नाही, मग तिलाच नावं ठेवली. तिसरी नसेल तर तो नुसता हेवा. बढती हुकली म्हणून तोंड पाडून बसणं सावर ग्रेप्स नव्हे. ‘त्या पोस्टवर रात्री नऊपर्यंत राबायचं, कुणाला हवीय?’ असं अर्ज करून बसलेली व्यक्ती म्हणाली, तर हो. ‘ही इज सावर ग्रेप्स’ चूक. द्राक्षं माणूस नसतो, त्याचं बोलणं असतं. आणि ग्रेप्स अनेकवचनी असलं तरी सुरुवात ‘इट्स’नेच.

बागायतदार, निफाड
कोल्ह्याची बाजू घेतो. इसापाच्या मूळ ग्रीकमध्ये तो ‘कच्ची’ म्हणतो, आणि मण्यात पाणी उतरण्याआधी, म्हणजे मणी मऊ पडून गोडी भरू लागण्याआधी, द्राक्ष आंबटढाण असतंच. फक्त ते चाखून ठरवायचं. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली साखर मोजायचं यंत्र, डिस्टिल्ड पाण्याने शून्यावर आणा, मग रसाचा थेंब टाका. एकट्या घडाच्या खांद्याच्या, म्हणजे वरच्या, मण्यावर जाऊ नका, तो गोड निघतो. शेंड्याचा मागे असतो. दोन्हीकडचे मणी घ्या. निर्यातीला साधारण 18 ब्रिक्स (रसातल्या गोडीचं माप) धरतात. वेलीवर घड जास्त ठेवले की साखर भरत नाही, आणि तोडल्यावर द्राक्ष केळ्यासारखं घरात पिकत नाही.

अनुवादक, गंगापूर रोड
‘कोल्ह्याला द्राक्षं आंबट’ चपखल बसतं, पण साहेबांबद्दलच्या मेलमध्ये नको, थेट कोल्हा म्हटल्यासारखं होतं. ‘नाचता येईना अंगण वाकडं’ तिथे घालू नका : त्यात दोष साधनावर जातो, इथे हुकलेल्या वस्तूवर. बायबलात यहेज्केलच्या 18व्या अध्यायात बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली नि मुलांचे दात आंबले, अशी म्हण येते. तिथे कोल्हा आणलात तर अर्थच गेला. ती बापाचं पोराला भोगावं लागण्याबद्दल आहे.

निफाडकरांना, पुन्हा कॉलेज रोडवरून
दादा, पटलं, द्राक्षं कधी खरंच आंबट असतात. खरी तक्रार उडवून लावायलाही हा शब्द वापरतात. आपली तक्रार तशी वाटू नये म्हणून आधीच म्हणा : ‘धिस मे साउंड लाइक सावर ग्रेप्स, बट…’ आणि पुढे लगेच मुद्दा, तारखेसकट.