वादळं आपल्यासमोरून वळतात, ती कोण वळवतं?

वेसाव्याचा_दर्या
आमचा भाऊ तांडेल आहे, म्हणजे मासेमारी होडीचा प्रमुख. १ जूनला मासेमारी बंद होते, त्याआधीच्या मेमधल्या फेऱ्यांवर घरची उधारी फिटते आणि नेमका तेव्हाच दर्या फिरतो. २०१९च्या ऑक्टोबरात क्यार वादळ रत्नागिरीसमोर आलं आणि ओमानकडे वळलं. ३ जून २०२० ला निसर्ग सरळ रायगडात शिरलं. १७ मे २०२१ ला तौक्ते आमच्या दारासमोरून वर गुजरातेत गेलं, त्या दिवशी काठाला बांधलेल्या होड्या एकमेकींवर आपटून फुटल्या. दर्या एकच, मग वाटा तीन कशा? मोसमाच्या सुरुवातीला काही अंदाज येतो का? कुणी नीट समजावून सांगाल?

भूगोल_दादर
दादा, ओहोटीला खाडीत भोवरा पडतो. गरगरतो स्वतःभोवती, पण जातो पाण्याची ओढ नेईल तिकडे. वादळाची ओढ म्हणजे साधारण पाच-सहा किलोमीटर उंचीवरचे वारे. त्या उंचीवर आपल्या अक्षांशात जास्त दाबाचे मोठे पट्टे असतात आणि त्यांच्याभोवती वारा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. पट्टा वादळाच्या उत्तरेला असेल तर ते पश्चिमेला, म्हणजे ओमान-येमेनकडे ढकललं जातं. पट्टा पूर्वेला असेल तर ते उत्तरेला सरकतं, मग कोकण नाहीतर गुजरात. त्यात हिमालयाच्या बाजूने पश्चिमी वाऱ्यांची एखादी द्रोणी, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा, खाली उतरली की पट्टा तुटतो आणि वादळ ईशान्येला ओढलं जातं. मे-जूनमध्ये आपल्याला खरी भीती या वळणाची.

या सगळ्याचा तोल फार नाजूक असतो. जून २०१९ मध्ये वायू वेरावळच्या आसपास धडकणार म्हणून गुजरातने लाखो माणसं हलवली होती आणि ते किनाऱ्याजवळून पश्चिमेला वळलं.

जुलै-ऑगस्टमध्ये वादळं जवळपास होतच नाहीत. तेव्हा खाली नैर्ऋत्येचा जोरदार वारा आणि वर पूर्वेचा, त्यामुळे वादळाचं डोकं एकीकडे आणि धड दुसरीकडे जातं.

सुपारीची_वाडी
श्रीवर्धनहून लिहिते. निसर्गने आमच्या सुपाऱ्या अर्ध्यातून मोडल्या. नवीन रोप लावून फळ धरायला सहा-सात वर्षं जातात, सर. त्या वर्षी समुद्र जास्त तापला होता, म्हणून ते आमच्याकडे आलं असं सगळे म्हणतात. खरं का?

भूगोल_दादर
ताई, तापलेल्या पाण्याने वादळ जन्मतं आणि जोर धरतं. वाट ठरवतो वारा. २०१९ मध्ये हिंद महासागराची पश्चिम बाजू पूर्वेपेक्षा बरीच गरम होती, अरबी समुद्रात पाच चक्रीवादळं झाली, पण मुंबईवर एकही आलं नाही. हा फरक लोकांपर्यंत पोचायलाच हवा, नाहीतर समुद्र थंड आहे म्हणून कुणी निर्धास्त राहायचं.

मालाड_ते_मायामी
बहीण फ्लोरिडात असते म्हणून मी अटलांटिकचं वाचत असतो. तिथे बर्म्युडाजवळचा जास्त दाबाचा पट्टा वाट ठरवतो. तो अमेरिकेच्या बाजूला पसरला की हरिकेन, म्हणजे तिकडची जोरदार चक्रीवादळं, फ्लोरिडा किंवा मेक्सिकोच्या आखाताकडे जातात. २००४ मध्ये एकट्या फ्लोरिडाला चार बसली. पट्टा पूर्वेला आखडला की ती समुद्रातूनच उत्तरेला वळून जातात. २०१० मध्ये बारा हरिकेन झाली, अमेरिकेच्या किनाऱ्यावर हरिकेनच्या जोराने एकही आलं नाही. एल निनोच्या वर्षी, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापतं तेव्हा, तिथे वरचे वारे वाढतात आणि वादळं मुळात कमी होतात.

वेसाव्याचा_दर्या
म्हणजे एप्रिलमध्ये मेची वाट कळत नाही. मग भावाला काय सांगू?

भूगोल_दादर
नाही कळत. फार तर वादळं जास्त होतील की कमी, एवढा अंदाज. वाटेसाठी हवामान खात्याचा पाच दिवसांपर्यंतचा नकाशा बघा. त्यातली मधली रेघ मुंबईपासून लांब दिसली तरी तिच्या दोन्ही बाजूंचा पंखा बघा, कारण वादळ त्या पंख्यात कुठेही जाऊ शकतं. आपला किनारा पंख्यात असेल तर होडी सोडू नका. आणि आधीच बाहेर असलेल्यांना वायरलेसवर त्याच दिवशी कळवा. खोल पाण्यातून परत यायला लागणारा वेळ तुमच्या भावाला माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे, तो धरूनच निरोप द्या.