«देव तारी त्याला कोण मारी» असे म्हणून विषय संपतो का?

कातळकडा

आमच्या नातेवाइकांच्या गटात काल आलेला एक मजकूर वाचून मला रात्री नीट झोप लागली नाही, म्हणून हा धागा काढत आहे. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत कोसळलेल्या विमानातील २४२ जणांपैकी जो एकच जण वाचला, त्याचे आसन ११अ होते. म्हणून पुढच्या प्रवासात तेच आसन मागून घ्यावे आणि न मिळाल्यास चिंता करू नये, कारण देव तारी त्याला कोण मारी, असा त्या मजकुराचा आशय होता. खाली जोडलेल्या हातांच्या चिन्हांची रांग लागली होती.

सह्याद्रीत दरीत पडलेल्या माणसांना वर काढण्याचे काम मी चौदा वर्षे करत आहे. जिवंत सापडलेल्या प्रत्येकाच्या घरचे हेच वाक्य बोलतात आणि त्या क्षणी मी ते ऐकून घेतो, कारण ती वेळ वाद घालण्याची नसते. पण घरात निवांत बसून तेच वाक्य पुढे पाठवणे मला पटत नाही. माणूस कसा वाचला हे बहुतेक वेळा त्या जागेवरच लिहिलेले असते.

मोकळ्या हवेत पडणाऱ्या माणसाचा वेग हवेच्या विरोधामुळे ताशी सुमारे २०० किलोमीटरवर स्थिरावतो, त्यामुळे पाचशे मीटरवरून पडणे आणि पाच हजार मीटरवरून पडणे यांत जमिनीशी गाठ पडताना फारसा फरक उरत नाही. फरक पडतो तो थांबायला किती अंतर मिळाले याने. तो वेग दहा सेंटिमीटरांत शून्यावर आला, तर शरीरावर गुरुत्वाच्या सुमारे दीड हजार पट भार येतो. तोच साडेतीन मीटरांत आला, तर भार सुमारे ४५ पट होतो. अमेरिकी हवाई दलाचे डॉक्टर जॉन पॉल स्टॅप यांनी १० डिसेंबर १९५४ रोजी रॉकेटच्या गाडीवर स्वतःला बांधून घेऊन ४६.२ पट भार सोसला होता. त्यांच्या डोळ्यांत रक्त उतरले, काही काळ दिसेनासे झाले, पण ते जगले.

मार्च १९४४ मध्ये निकोलस अल्कमेड या ब्रिटिश सैनिकाने जळत्या लँकेस्टर बॉम्बफेकी विमानातून पॅराशूटशिवाय उडी मारली, तेव्हा विमान साडेपाच हजार मीटरांच्या आसपास होते. तो पाइनच्या फांद्यांतून खालच्या बर्फात पडला आणि त्याचे एकही हाड मोडले नाही. आमच्याकडे पाइन नाही, कारवीची झुडपे आहेत. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा कड्यावरून सुटला, कारवीच्या दाट रानातून मोडत गेला आणि सुट्या दगडमातीच्या घसाऱ्यावर घसरत थांबला. त्याच्या वाटेवरची मोडलेली कारवी आम्ही दोर सोडताना पाहत होतो. त्याच कड्याच्या दुसऱ्या अंगाला सरळ कातळ आहे आणि तिथून आम्ही आजवर एकालाही जिवंत आणलेले नाही.

तुळशीवृंदावन

तो मजकूर गटात मी पाठवला होता. तू मला मावशी म्हणतोस, मग एक फोन करून सांगायला काय हरकत होती? चारचौघांत धागा काढलास, तर चारचौघांतच उत्तर देते.

आसन मागून घ्यावे हे वाक्य मी लिहिलेले नाही, ते मूळ मजकुरात होते, आणि ते चुकीचे आहे हे मान्य करते, कारण त्याच रांगेत बसलेला दुसरा प्रवासी गेला. पण मग तुझ्या गणिताचे काय? विमान एक, रांग एक, आदळण्याचा वेग एक. तुझे काका १९९८ साली ज्या एसटीने जात होते ती वळणावर उलटली, तेव्हा त्यांच्या डावीकडचा माणूस गेला, उजवीकडचा गेला आणि यांच्या चष्म्याची काचसुद्धा फुटली नाही. सत्तावीस वर्षे मी या प्रश्नाचे उत्तर शोधते आहे. तुझे शास्त्र सांगते की फांद्या होत्या म्हणून तो वाचला. त्या फांद्या त्याच्याच खाली का होत्या, हे कोण सांगणार? ते मी देवाला विचारते, आणि त्यात कोणाचे काही नुकसान होत नाही.

दशांश

दोघांचीही चूक एकच आहे, असे मला वाटते. मावशींनी एका वाचलेल्या माणसावरून देव सिद्ध केला आणि कातळकडा यांनी एका वाचलेल्या माणसावरून पाइनचे झाड. त्या युद्धात विमानातून पडून मेलेल्या हजारोंपैकी किती जण झाडांवर पडले होते, हे आपल्यापैकी कोणीही मोजलेले नाही.

मोजण्याची सुरुवात ह्यू डी हेवन यांनी केली. पहिल्या महायुद्धात वैमानिकाचे शिक्षण घेताना त्यांचे विमान दुसऱ्या विमानावर आदळले होते, आणि आपल्या पोटातली इजा पट्ट्याच्या बकलाने झाली हे त्यांच्या मनातून गेले नाही. १९४२ साली त्यांनी पन्नास ते दीडशे फुटांवरून पडूनही वाचलेल्यांच्या आठ घटना तपासल्या आणि शरीर आपण समजतो त्याहून बरेच सोसते, मारते ती भोवतालची रचना, असा निष्कर्ष मांडला. तेही वाचलेल्यांचेच निरीक्षण होते हे खरे. पण त्यांनी त्यातून झाडाची किंवा आसनाची शिफारस काढली नाही, विमानाच्या आणि मोटारीच्या आतली रचना बदला असे सांगितले. या धाग्यात ती पुढची पायरी अजून आलेली नाही.

दुसरे उदाहरण पेरूचे. २४ डिसेंबर १९७१ रोजी विजेने फुटलेल्या विमानातून सतरा वर्षांची जूलियाने कोएप्के सुमारे तीन किलोमीटर खाली जंगलात पडली, आसनाला बांधलेलीच होती. ९२ जणांत ती एकटी वाचली असे सगळे सांगतात. पण पडल्यावर आणखी काही जण जिवंत होते आणि मदत न पोचल्याने नंतर मेले, असे तिनेच पुढे सांगितले आहे. ती वाचली, कारण मोडलेल्या कॉलरबोनसह ओढ्याच्या कडेने अकरा दिवस चालत राहिली, आणि ओढा धरला की माणसांची वस्ती सापडते हे तिला जीवशास्त्रज्ञ वडिलांनी शिकवले होते.

घाटरस्ता

मदत न पोचल्याने मेले, या एका वाक्यासाठी मी लिहायला बसलो आहे. फांद्या, बर्फ, गुरुत्वाचे पट हे सगळे वाचून माझा संताप होतो.

२०११ साली माझे वडील घाटात स्कूटरवरून पडले. ते शुद्धीवर होते आणि पाय हलवत होते. चांगल्या मनाच्या चार जणांनी त्यांना बगलेत आणि पायांना धरून उचलले, मान लोंबकळत होती, आणि टेम्पोच्या मागे टाकले. पहिल्या रुग्णालयाने आधी पोलिसांचा कागद मागितला, दुसऱ्याने आगाऊ रक्कम मागितली. तिसऱ्या ठिकाणी पोचलो तेव्हा त्यांचे पाय हलत नव्हते. ते आणखी सहा वर्षे जगले, म्हणजे तुमच्या हिशेबात ते वाचलेल्यांत मोडतात.

कातळकडा, तुम्ही दरीतून वर काढता आणि रस्त्यावर आणून सोडता. पुढे काय होते ते कधी पाहता का?

कातळकडा

हो, पाहतो. रुग्णवाहिकेत मागे बसून जातो, आणि दोन वेळा माझ्या हातात माणूस गेला आहे. तुमच्या वडिलांबद्दल मला मनापासून वाईट वाटते, पण रस्त्यावर आणून सोडता हे वाक्य तुम्ही मागे घ्यावे, अशी माझी अपेक्षा आहे.

परिचारिका_रात्रपाळी

अपघात विभागात एकोणीस वर्षे काम केले, म्हणून घाटरस्ता यांच्या बाजूने बोलते, आणि थोडी त्यांच्या विरुद्धही.

मान आणि पाठीचा कणा एका रेषेत न ठेवता उचलल्यामुळे झालेले नुकसान मी अनेकदा पाहिले आहे. पण उचलूच नका हा सल्लाही सरसकट देता येत नाही. गाडी पेटत असेल, श्वास अडकत असेल किंवा रक्त थांबत नसेल, तर हलवावेच लागते. त्या चौघांना कोणी शिकवले नव्हते, आणि तेव्हा राज्यात १०८ची रुग्णवाहिकाही नव्हती, ती २०१४ साली आली. कागद मागणाऱ्यांचा बचाव मी करणार नाही. जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण देणारे कलम १३४अ मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आले, तरीही नाव विचारतील या भीतीने माणसे आजही रुग्णाला दारात ठेवून निघून जातात.

जिवंत काढणे म्हणजे वाचवणे नव्हे, हे लंडनमध्ये १९४१ साली बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी लिहून ठेवले आहे. बॉम्बहल्ल्यात ढिगाऱ्याखालून काढलेली माणसे बोलत असत आणि काही दिवसांत त्यांचे मूत्रपिंड निकामी होत असे, कारण दबलेला स्नायू मोकळा होताच त्यातली विषारी द्रव्ये रक्तात उतरतात. म्हणून स्लॅब उचलण्याआधीच शिरेतून सलाइन सुरू करावे लागते. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडला इमारत पडली, तेव्हा चार वर्षांचा मुलगा सुमारे १८ तासांनी बाहेर आला. टीव्हीवर सगळीकडे चमत्कार हाच शब्द होता. अशा वेळी माझ्या मनात आधी प्रश्न येतो तो अंगावर किती भार होता आणि किती वेळ, हा.

तुळशीवृंदावन

बाई, तुम्ही रागावू नका, पण तुम्हीसुद्धा कधी तरी रात्रपाळीत हात जोडले असतील.

परिचारिका_रात्रपाळी

जोडले आहेत, आणि हात जोडून झाल्यावर लगेच सलाइन लावले आहे. मावशी, तुमच्या श्रद्धेला माझा विरोध नाही. संपले असे समजून थांबण्याला आहे. २० मे १९९९ रोजी नॉर्वेत नार्विकजवळ ॲना बोगेनहोल्म ही तरुण डॉक्टर बर्फाखालच्या ओढ्यात ८० मिनिटे अडकली होती. पहिली ४० मिनिटे हवेच्या पोकळीत तिला श्वास घेता आला आणि तेवढ्यात शरीर इतके गार झाले की हृदय थांबेपर्यंत मेंदूची प्राणवायूची गरज फारच कमी उरली होती. ट्रोम्सोच्या रुग्णालयात पोचली तेव्हा तापमान १३.७ अंश होते, नाडी नव्हती. तिथल्या लोकांनी रक्त शरीराबाहेरच्या यंत्रातून फिरवून तिला ऊब दिली आणि कित्येक तास सोडले नाही. पुढे ती त्याच रुग्णालयात डॉक्टर म्हणून काम करू लागली. आधी गुदमरून मग गार झाली असती, तर ते शक्य नव्हते.

दशांश

क्रमाचा हा मुद्दा मला ठाऊक नव्हता आणि तो महत्त्वाचा आहे. पाइनच्या झाडाबद्दलचे माझे म्हणणे मात्र कायम आहे.

घाटरस्ता

ते वाक्य मागे घेतो, कातळकडा. बाकीचे घेत नाही. त्या चौघांना कोणी शिकवले नव्हते असे ताईंनी लिहिले आहे. चौदा वर्षे झाली, आमच्या गावात अजूनही कोणी शिकवलेले नाही.

कातळकडा

मावशी, फोन करायला हवा होता, ते माझे चुकले. काकांच्या दोन्ही बाजूंचे गेले आणि ते राहिले, याचे उत्तर माझ्याकडे नाही. धडक कोणत्या अंगाने बसली, पत्रा कुठे दुमडला, हे तेव्हा कोणी पाहिले असते तर कदाचित काही सांगता आले असते. पण सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी आदळली, तेव्हा पुढचे दोघे वाचले आणि मागचे दोघे गेले. मागच्यांनी पट्टे लावलेले नव्हते असे पोलिसांनी सांगितले होते. तुमच्या गाडीत मागच्या पट्ट्यांची बकले सीटकव्हरखाली दाबलेली आहेत, हे मी दिवाळीत पाहिले आहे.

घाटरस्ता, गावाचे नाव मला खासगीत कळवा. आमच्याकडे स्ट्रेचर आहे, मानेचे पट्टे आहेत आणि शिकवायला दोघे तयार आहेत; एक रविवार पुरेल.

तुळशीवृंदावन

कव्हर तुझ्या काकांनी बसवले आहे. उद्या काढायला सांगते. मजकूर मात्र गटातून काढणार नाही, फक्त आसनाचे वाक्य चूक आहे असे त्याखाली लिहीन.