वाचलेलं पुस्तक घरात कशाला? – तर ऐका

माळवद:
परवा टॅबवाला यांनी इथं लिहिलं, "वाचून झालेली पुस्तकं सांभाळणं म्हणजे चोखलेल्या आंब्याच्या कोया सांभाळणं. मी दोनशे पुस्तकं रद्दीत घातली, घर मोकळं झालं." खाली अंगठ्यांची रांग. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवेना.

कोयीला कोंब फुटतो हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागावं? असो. माझ्याकडं वडिलांचं एक पुस्तक आहे. 72 च्या दुष्काळात ते पाझर तलावाच्या कामावर हजेरी घ्यायचे. पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर शिसपेन्सिलीनं लिहिलंय – गडी 14, बाया 22, गैरहजर 3. खाली तेलकट डाग. ते म्हणायचे, सुकडीचा. दुपारी बाभळीखाली बसून हेच पुस्तक वाचायचे, कारण दुसरं नव्हतंच.

मी ते दर मे महिन्यात वाचतो. गोष्ट तोंडपाठ आहे. नायक कुठं गप्प बसतो आणि तिथं वडिलांनी समासात काडी का ओढली, हे मात्र अजून कळलं नाही. दरवर्षी तिथं थांबतो. टॅबवर ही काडी कुठं मिळते ते सांगा.

आणि जुनं पुन्हा वाचणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग वाटत असेल तर पैठणला जाऊन या. नाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत केली ती शके 1506 मध्ये. ग्रंथ तेव्हाच जवळपास तीनशे वर्षांचा जुना. "झाली एकदा वाचून" म्हणत गोदेत सोडली असती तर?

टॅबवाला:
नाथ आणलेच आहेत तर पुरते आणा. ज्ञानेश्वरीत आपली ओवी घुसडणं म्हणजे अमृताच्या ताटात नरोटी ठेवणं, हे बजावणारेही नाथच. मग तुमच्या पुस्तकातली ती हजेरी काय? नरोटीच की.

माळवद:
वडिलांवर जायचं काम नाही. सांगून ठेवतो.

टॅबवाला:
वडिलांवर नाही गेलो, पेन्सिलीवर गेलो. माझं ऐकून घ्या. आमचं गाव औसा तालुक्यात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे माळवद खाली आलं (तुमच्या नावावर राग नाही). घरची माणसं वाचली. उजाडल्यावर लोक ज्वारी, भांडी, अंथरुणं उकरायलेत, आणि आमचे काका पुस्तकांची पेटी. पुढं पत्र्याच्या शेडमध्ये सहा माणसं आणि ती पेटी. पाय पसरायचा तर पेटी आडवी. पावसाळ्यात खालून पाणी शिरलं, सगळ्याचा लगदा. काकूनं त्यात मेथ्या वाटून घातल्या आणि टोपल्या थापल्या. एक अजून आहे, लसणाची. त्या पुस्तकांचा घराला झालेला उपयोग एवढाच. म्हणून म्हणतो, कोया.

शाईपेन:
लसूण बाजूला ठेवा, पण काका नंतर काय वाचत होते?

टॅबवाला:
काही नाही. पेपर.

जुना मोंढा:
तुमचं दोघांचं मराठीत तरी होतं. आमचे आजोबा निजामाच्या राज्यातले, शाळा उर्दूतून. पेटीभर पुस्तकं ठेवून गेले. घरात एकालाही अलिफ-बे येत नाही. आता पुनर्वाचनाचा आनंद कुठून घ्यावा, उजवीकडून का डावीकडून?

वीस वर्षं पेटी कणगीमागं पडून. 2023 ला कुणबी नोंदी शोधायची धांदल उठली, आणि जे चुलतभाऊ मयतीला आले नव्हते ते लै मायेनं पेटीभोवती जमले. उर्दू वाचणारा माणूस आणला. दुपारपर्यंत त्यानं एकेक पान उलटलं. निघालं काय? गझला, आणि हकिमाचे नुस्खे. मुळव्याधीवरचा एक नुस्खा थोरल्यानं लिहून घेतला. बाकीचे न जेवता गेले.

गोदाकाठ:
इथं आरक्षण आणू नका. विषय पुस्तकांचा आहे.

जुना मोंढा:
मी पेटी आणली, आरक्षण तुम्हाला दिसलं. आणि नोंद गझलेत कशी असेल? महसुली कागदात असते. हे त्यांना कळत नव्हतं, तुम्हालाही कळत नाही.

गोदाकाठ:
मला शिकवू नका. आमच्याकडं मोडी वाचायला एकाला बसवलं, त्यानं पानाला तीनशे घेतले आणि आमच्या पणजोबाचं नाव तीन पानांवर तीन तऱ्हेनं वाचलं.

शाईपेन:
मग स्वतः शिका की! मोडी काय, उर्दू काय, सहा महिन्यांत हाताला येते. तीनशे रुपये पानाचे मोजाल, पण बाराखडी गिरवायची लाज.

गोदाकाठ:
तुम्हाला येते का?

शाईपेन:
शिकायलोय.

गोदाकाठ:
किती वर्षांपासून?

टॅबवाला:
मोंढेसाहेब, एक विचारतो. वाचता येत नाही, नोंद निघाली नाही, मग पेटी कुणाला दिली?

जुना मोंढा:
दिली नाही.

टॅबवाला:
का बरं?

जुना मोंढा:
आजोबांची आहे.

टॅबवाला:
झालं. म्हणजे तुम्ही पण त्यांच्यातलेच, उगं आमच्या बाजूनं बोलल्यासारखं केलं. बरं, माळवद, एवढी भांडणं झाली, पण ते पुस्तक कोणतं हे काही सांगितलं नाही.

माळवद:
मलाच माहीत नाही. पहिला फर्मा गळालाय. मुखपृष्ठ नाही, सोळा पानं नाहीत. गोष्ट सतराव्या पानापासून सुरू होते. लेखकाचं नावही तिथंच गेलं.

टॅबवाला:
कमाल आहे. सतराव्या पानाचा फोटो टाका, दोन ओळी शोधात घालतो, नाव मिळून जाईल. कोयावाल्याकडून तेवढी मदत घ्या.

माळवद:
आभार. नको.

टॅबवाला:
नको कसं? सुरुवात वाचायची नाही?

माळवद:
वडिलांकडंही ते असंच आलं होतं, सतरापासून.

टॅबवाला:
बरं. मग शेवटच्या पानाचा टाका. हजेरीचा. आमचा आजा पण 72 ला पाझर तलावावरच होता, गाव कोणतं तुमचं?