कंपवातात मानसोपचारतज्ज्ञ हवाच का?

सुरसागरकर: माझं मत, कंपवाताच्या ओपीडीत न्यूरोलॉजिस्टच्या शेजारीच मानसोपचारतज्ज्ञ बसायला हवा, आणि संशोधनही दोघांनी मिळून करावं. १८१७ साली जेम्स पार्किन्सन यांनी या आजारात बुद्धी शाबूत राहते असं लिहिलं. आज दिसतं ते वेगळं. सुमारे ३५ टक्के रुग्णांत नैराश्याची ठळक लक्षणं असतात, कित्येकदा थरथर सुरू व्हायच्या आधीपासून. आमच्या काकांना प्रामिपेक्सोल सुरू झालं, म्हणजे डोपामिन या हालचाल सांभाळणाऱ्या मेंदूतल्या रसायनासारखं काम करणारी कंपवाताची गोळी. हात सुधारला, कमाटीबागेतलं फिरणं पुन्हा सुरू झालं, पण रात्र रात्र मोबाईलवर शेअरची खरेदी-विक्री! जन्मभर एफडीपलीकडे न गेलेला माणूस. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या पाहणीत या जातीच्या गोळ्या घेणाऱ्या १७ टक्के रुग्णांत जुगार, खरेदी, खाणं असा एखादा अनावर नाद आढळला. न घेणाऱ्यांत ७. डॉक्टरांनी गोळी हळूहळू उतरवली, तसा काकांचा नाद सुटला.

मांडवीची वहिनी: नाही पटलं, भाऊ. आमच्या सासूबाईंचे हात कापायला लागले, चाल मंदावली, तर ‘टेन्शन घेतात’ म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या. पुढे एका डॉक्टरांनी औषधांची अख्खी पिशवी टेबलावर ओतली आणि ॲसिडिटीच्या गोळीची पट्टी बाजूला काढली. तिच्यात लेव्होसल्पिराइड होतं. ती बंद केली, सावकाश बऱ्या झाल्या. आधी गोळ्या बघा, मग मनाकडे वळा.

रावपुऱ्याचा फिजिओ: वहिनी, लेव्होसल्पिराइड डोपामिन अडवतं, हॅलोपेरिडॉल हे मनोविकारांवरचं औषधही तेच करतं. त्या औषधांनी आलेला ताठरपणा मानसोपचारवाले रोज बघतात. आणि कार्यात्मक थरथर, म्हणजे मेंदूला इजा नसताना त्याच्या कामातल्या गडबडीने येणारी, आता ‘बाकी काही सापडलं नाही’ म्हणून ठरवत नाहीत. दुसऱ्या हाताने ठेक्यात टिचक्या मारायला सांगतात. थरथरणारा हात तोच ठेका धरू लागला किंवा थांबला, तर ती कार्यात्मक असल्याची खूण. या निदानासाठी मनाला धक्का बसलेला असलाच पाहिजे, ही अटही २०१३ मध्ये मनोविकारांच्या अमेरिकी निदान-नियमावलीतून गेली.

मांडवीची वहिनी: खूण पटली. पण ती बघायला वेळ कोण देतं? दोन मिनिटांत ‘टेन्शन’ लिहून मोकळे होतात. त्यात मानसोपचाराची पाटी दिसली की सासूबाई रिक्षातूनच उतरणार नाहीत. आधी न्यूरोलॉजिस्टनाच हे प्रश्न विचारायला शिकवा.

सुरसागरकर: पाटी एकच ठेवा, हरकत नाही. पण घरच्यांना वेगळं बसवून पैसे, झोप, भास यांबद्दल विचारणारं माणूस तिथे हवंच. काका स्वतःहून कधीच बोलले नसते.